वीतभर बांबू

“बांबू जरा तिरका धरा की वो ताई, आपोआप जाईल,” छबूबाई फुलांच्या पाटीमागून म्हणाली.

“गाडी तिरकी होत न्हाई, मावशी,” सत्यशीला म्हणाली आणि तिनं बांबू आडवाच ठेवला.

दुसरं टोक नारायणकाकांच्या हातात होतं. एका अंगाला विजेचा खांब, दुसऱ्या अंगाला छबूबाईच्या दुकानाची पायरी. बांबूचं टोक पायरीला घासल्यासारखं झालं आणि निघून गेलं.

“बघा, गेलं का न्हाई. सकाळच्या पारी उगी जीव खाता माणसाचा,” छबूबाई म्हणाली आणि पुन्हा शेवंती ओवायला लागली. मागून चालणाऱ्या शौनकनं, म्हणजे बांधकाम विभागाच्या तरुण इंजिनिअरनं, टॅबवरच्या नकाशात ती गल्ली हिरवी केली.

सोमवारी शहरात मोठी रंगीत तालीम होती. जुन्या बाजारात आग लागली असं धरून अग्निशमनच्या गाड्या, रुग्णवाहिका, पोलीस, वीजवाले, सगळे एका वेळी धावणार होते. त्याआधी कुठल्या गल्लीत बंब शिरतो आणि कुठल्या नाही, हे नकाशावर पक्कं व्हायला हवं होतं. आता एवढं अवजड धूड भर बाजारात प्रत्येक बोळात घालून कोण बघणार? अडकलं की काढायला दुसरं बोलवा. म्हणून अग्निशमन केंद्रात एक साधा बांबू ठेवलेला होता, आरशांसकट बंबाच्या रुंदीचा, दोन्ही टोकं लाल रंगवलेली. बांबू गेला म्हणजे गाडी गेली. खरोखर आग लागल्यावर नकाशा हिरवा दिसला की कुणी विचार करत बसत नाही, सरळ गाडी आत घालतात.

सत्यशीलाला अग्निशमनच्या नोकरीत चौथं वर्ष लागलं होतं. आईबाप पाथर्डीहून दर साल ऊसतोडीला जायचे, या शहरात तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं. पंप चालवायला शिकवला तो नारायणकाकांनी, आणि पहिलं वर्षभर डबा दिला तो त्यांच्या घरून प्रेमलाकाकूंनी. काका बंबाचे ड्रायव्हर. दोन महिन्यांत निवृत्त होणार होते. गाडी तिरकी होत नाही, हे बोलणंही त्यांचंच.

अकराच्या सुमाराला ती तिघं वाखारी बोळात आली. काकांचं घर याच बोळाच्या तोंडाशी. त्यांच्या ओट्याजवळून बांबू गेला, मध्ये जेमतेम बोटभर जागा राहिली. शौनकनं हा बोळही हिरवा केला.

“पाणी घ्या, मग पुढं जाऊ,” काका म्हणाले.

ओट्यावर खाट होती आणि खाटेवर प्रेमलाकाकू. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्यांचा सगळा दिवस या ओट्यावर. कुणाचं दूध उशिरा आलं, कुणाची पोर क्लासला न जाता मैत्रिणीकडं गेली, सगळं त्यांना ठाऊक.

“गोदामात आज कापसाचे दोन टेम्पो आले,” त्या सावकाश शब्द जुळवत म्हणाल्या. बोळाच्या आत गाद्यांचं गोदाम होतं आणि त्याच्या मागं चाळीस घरं.

पेला खाली ठेवायला सत्यशीला वाकली आणि तशीच राहिली. ओट्याला उतार होता, म्हणून खाटेच्या एका पायाखाली लाकडाचा तुकडा सरकवलेला होता. लाकडाचा कसला, बांबूचाच. वीतभर. त्याचं एक टोक लाल, रंग उडालेला.

सकाळी केंद्रातून निघताना तिनं पाहिलं होतं की बांबूच्या एका टोकाचा रंग जुना आहे आणि दुसऱ्याचा नवा. तेव्हा त्यात तिला काही वाटलं नव्हतं.

तिनं उंबऱ्याजवळची वीट उचलली, खाटेखाली सारली आणि तुकडा काढून घेतला. बांबूच्या नव्या रंगाच्या टोकाला तो लावून बघितला. जाडी तंतोतंत जुळली.

“परत धरा, काका.”

“हिरवा झाला की बोळ.”

“धरा.”

काकांनी पलीकडचं टोक धरलं. तुकडा ओट्याच्या दगडावर टक्कन आपटला.

काका दगडाकडं बघतच म्हणाले, “मागच्या मोजणीच्या वेळी ही नुकती दवाखान्यातून आली होती. आत एकच खोली, तिला खिडकी नाही. बांबू अडला म्हणजे ओटा पाडायला लागणार, मग हिच्यापुढं नुसती भिंत. वीतभरच कापला. म्हटलं, आपल्या बोळात काही झालं तर मी आहेच की घरी.”

“तुम्ही घरी नसाल, काका. तुम्ही गाडीवर असाल.” सत्यशीला म्हणाली. ज्या माणसाच्या घरचं अन्न खाल्लं त्यालाच हे ऐकवायचं, याचं तिला वाईट वाटत होतं. तरी तिनं पुरं केलं. “नकाशा हिरवा बघून तुम्हीच गाडी आत घालाल आणि ती इथंच अडकेल. मग आतल्या माणसांनी कुठून बाहेर पडायचं?”

काकांनी बांबू खाली टेकवला.

“म्हणजे सकाळपासूनच्या सगळ्या गल्ल्या...” शौनक टॅब छातीशी धरून म्हणाला.

“सगळ्या परत मोजायच्या,” सत्यशीला म्हणाली. “आणि मागच्या वेळच्याही.”

तेवढ्यात काकू बोलल्या. “पाडा की. मला मेलीला इथं बसून धुळीनं खोकलाच होतो.”

दोन वर्षांत सत्यशीलानं त्यांना एकदाही खोकताना ऐकलं नव्हतं. काकांनीही ऐकलं नसावं. ते बायकोकडं बघत राहिले. काकूंनी डाव्या हातानं पायावरची चादर सारखी केली आणि बोळात बघायला लागल्या, अगदी टोकापर्यंत.

काका घरात गेले. दोन कामट्या आणि सुतळी घेऊन आले, तुकडा बांबूला जोडून आवळला आणि अग्निशमनात शिकवतात ती गाठ मारली. ओढून बघितली. पक्की बसली होती.

“बोळ लाल करतो. कारण काय लिहू?” शौनकनं हळूच विचारलं.

“ओटा. घरमालकाचं नाव लिहा. बांबू कुणी कापला तेही लिहा,” काका म्हणाले.

“काका, दोन महिन्यांवर निवृत्ती आली तुमची,” शौनक म्हणाला.

“म्हणूनच आज लिहा,” काका म्हणाले आणि बांबूचं पुढचं टोक त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

ऊन चढलं होतं. छबूबाईच्या दुकानापाशी ती तिघं परत पोचली, तेव्हा पाटीतली शेवंती अर्धी संपली होती.

“आता काय परत? मघाशी गेलं हुतं की.”

बांबू पायरीला लागून थांबला. छबूबाईनं पायरीकडं बघितलं, मग काकांकडं. “जरा तिरका धरा की वो. ही पोर न्हाई ऐकत, तुमी तरी जाणते माणूस हाय.”

नारायणकाकांनी बांबू सरळ धरला.

“मघाशी बांबू खोटा होता, मावशी,” ते म्हणाले. “पाडायच्या यादीत पहिलं घर माझं आहे. तुमची पायरी दुसरी.”