मागच्या अंगणातला जिराफ

मी जिराफ बोलतोय. दचकू नका, जंगलातला नाही. एका बैठ्या घराच्या मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून उभा असलेला सिमेंटचा जिराफ.

मला घडवलं काकांनी. सगळी गल्ली त्यांना काका म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांनी जन्मभर बस चालवली, तीही एकाच रस्त्यावर. निवृत्त झाल्यावर न्हाणीघराची फरशी बसवताना थोडं सिमेंट उरलं. वाया जाऊ नये म्हणून त्यांनी त्याचं एक कासव केलं. कासवाला सोबत हवी म्हणून बगळा केला. आणि मग त्यांचा हात काही थांबेना.

माझी हाडं लोखंडी सळ्यांची, अंग जाळीवर थापलेल्या सिमेंटचं आणि कातडी फुटक्या कपबशांची. गल्लीत कुठेही बशी फुटली की तिचे तुकडे आमच्याकडे येतात. शिंगांच्या जागी भंगारात निघालेल्या बसच्या गिअरच्या मुठी आहेत. माझी मान पुरी झाली तेव्हा काका स्टुलावरून उतरले आणि डोळे बारीक करून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. असं कुणी आपल्याकडे बघितलं की सिमेंटलाही ऊब येते.

काकूंचा मात्र तोंडाचा पट्टा सुरूच असायचा. "अहो, कपडे वाळत घालायला जागा ठेवा जरा! वाघ झाला, मगर झाली. आता चादरी काय मगरीच्या पाठीवर वाळवू?" आणि खरंच वाळवायच्या. काका गालातल्या गालात हसायचे. पण मी खिडकीजवळचा. हसून आत गेल्यावर त्यांचा चेहरा कसा पडायचा, हे मला दिसायचं.

एक दिवस माझ्या कानाजवळचा निखळलेला तुकडा बसवताना स्टूल कलंडलं. काका पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. दवाखान्यातून प्लास्टर घालून परत आले, तेव्हा काकूंचा चेहरा पांढराफटक होता. माझ्याकडे बोट दाखवून त्या ओरडल्या, "पुरे झाली ही थेरं! मोडून टाका सगळं!"

काका कमी बोलणारे. अशी माणसं दुसऱ्याचा शब्द फार मनाला लावून घेतात. त्यांनी ओळखीच्या गवंड्याला फोन लावला. "रविवारी घण घेऊन ये. अंगण मोकळं करायचंय." काकूंना त्यांनी पत्ताही लागू दिला नाही.

रविवारी गवंड्याच्या आधी आली ती दवाखान्यातली नर्स. प्लास्टर घालताना तिने विचारलं होतं, "कशावरून पडलात?" काका म्हणाले होते, "जिराफावरून." तेव्हापासून तिला चैन नव्हतं. काका आत पडून होते, म्हणून काकूंनीच तिला मागे आणलं.

आणि काय सांगू! काकू बोलतच सुटल्या.

"हा वाघ बघ. शेजारच्या वकिलासारखा दिसतो की नाही? त्यांना सांगू नकोस हं. ही मगर हसतेय, कारण तिचे दात बसवताना ह्यांनाच हसू आवरत नव्हतं. आणि हा आमचा जिराफ. उन्हं उतरायला लागली की ह्याच्या मानेवरच्या निळ्या तुकड्यांवरून उजेड असा खाली ओघळतो! माझी भाजी करपते, पण नजर हलत नाही."

नर्स हसली. "काकू, तुम्हाला फार आवडतं हे सगळं."

"न आवडायला काय झालं? अगं, हा माणूस जन्मभर एकाच रस्त्यावरून गेला आणि आला. त्याच्या पोटात एवढं रान होतं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?"

खिडकीत काका उभे होते. मला दिसले, काकूंना नाही. ते तसेच अनवाणी बाहेर आले.

"मग मोडून टाका का म्हणालीस?"

"अहो, तुम्ही पडलात म्हणून! घाबरलेल्या माणसाचं बोलणं कुणी खरं धरतं का?"

"मी धरलं," काका म्हणाले. "गवंडी येतोय. घण घेऊन."

काकू माझ्या आणि फाटकाच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात फाटक वाजलं. खांद्यावर घण घेतलेला गवंडी आत आला. "काका, सुरुवात कुठून करू?"

काका काही बोलायच्या आत काकू तरातरा घरात गेल्या आणि पाहुण्यांसाठी कपाटात जपून ठेवलेला कपबशांचा संच घेऊन आल्या. सोनेरी काठाचा, एकदाही न वापरलेला. त्यांनी तो गोणपाटावर मांडला.

"इथून कर," त्या गवंड्याला म्हणाल्या. "आणि चुरा करू नकोस हं. मोठे तुकडे हवेत."

आता काकांचं मनगट जुळलंय, पण पूर्वीचा जोर नाही. म्हणून सिमेंट काकू कालवतात, स्टुलावरही त्याच चढतात आणि काका खालून स्टूल घट्ट धरतात. नवं जनावर सध्या एका पायावर उभं आहे. त्याचा मोर करायचा की शहामृग, यावरून दोघांचं रोज वाजतं. बोलणी काकांना अजूनही खावी लागतात. पण एखादी गोष्ट आवडली की काकू आता तीही तोंडावर सांगतात, आणि काका कानापर्यंत लाल होतात.

तुम्हीही या. खुशाल हात लावून बघा, सगळ्या कडा काकांनी घासून बोथट केल्या आहेत. फक्त आवडलं तर मनातल्या मनात ठेवून परत जाऊ नका. काकांना सांगा, चांगलं मोठ्यांदा सांगा. मला नाही सांगितलंत तरी चालेल, मी सिमेंटचा आहे.

आणि निघताना त्या बाजूने नको. तिकडे काकूंचं काम चाललंय, सिमेंट अजून ओलं आहे.