गप्प पाण्याची उकळी

शिलाई कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत मुंगी शिरायला जागा नव्हती. अंगातली किरणं उतरवून देतो म्हणणारे किरणगुरुजी आले होते. टेबलावर दोन ग्लास. एकात शेगडीवर उकळलेलं पाणी, दुसऱ्यात मायक्रोवेव्हमध्ये तापवलेलं, एकही बुडबुडा नसलेलं. गुरुजींनी पहिल्यात चिमूटभर भस्म टाकलं. काही झालं नाही. दुसऱ्यात टाकलं, तसं पाणी फसफसून बाहेर उसळलं. पुढच्या बायका किंचाळत मागे सरल्या.

"बघितलंत? पाण्यात दडलेली या यंत्राची किरणं माझ्या भस्मानं काढली. तुमच्या पोटातली कोण काढणार?"

कॉलर शिवणारीचा हात पोटावर गेला. तिला सातवा महिना होता आणि दुपारचा डबा ती रोज याच यंत्रात गरम करून खात होती. सकाळपासून बाळ हललं होतं का? आठवेना.

गुरुजींनी तिचा पोटावर गेलेला हात बरोबर हेरला आणि काढ्याची बाटली पुढे केली. "किरणं अन्नातून रक्तात, रक्तातून हाडांत, हाडांतून बाळात जातात." जणू त्यांनीच किरणांना तिकीट काढून दिलं होतं. "पोटात कळा येतील. घाबरायचं नाही, ते विष बाहेर पडतंय."

तिनं बाटली घेतली. घट्ट बसलेलं बूच ती पिळायला लागली.

"थांब गं," कँटीनवाली मावशी म्हणाली. तिनं तसाच गुळगुळीत नवा ग्लास भरून मायक्रोवेव्हमध्ये तापवला. मग सगळ्यांना लांब करून, ग्लास आतच ठेवून, लांब दांड्याच्या चमच्यानं साखर टाकली. पाणी तस्संच उसळलं.

"माझ्या साखरेला कधी सिद्धी आली?"

पुढचा ग्लास तिनं लाकडी काडी घालून तापवला. त्यात गुरुजींचंच भस्म टाकलं. चार बुडबुडे आले नि विरले.

"श्रद्धा नसेल तर भस्म चालत नाही," गुरुजी पुटपुटले.

"मघाशी पाण्याची होती वाटतं?" मावशीनं मनगटावरचा भाजल्याचा डाग दाखवला. "मी यातूनच शिकले, मग दुरुस्तीवाल्याला विचारलं. गुळगुळीत काचेत बुडबुड्याला धरायला जागा नसते, काडीवर ती मिळते. काडी नसली तर पाणी उकळीच्या पलीकडे तापतं, तरी गप्प राहतं. काहीही पडलं की सगळी उकळी एकदम. भीती बाळगायची तर भाजण्याची."

"पण ती किरणं?" कॉलर शिवणारीनं कसंबसं विचारलं.

"दिवा मालवल्यावर उजेड खोलीत साठून राहतो का? त्या लहरी अन्नातल्या पाण्याला आतून हलवतात, म्हणून अन्न तापतं. यंत्र बंद, लहरी संपल्या. उरते ती नुसती उष्णता. आता डॉक्टरीणबाईंकडे चल, मी येते."

डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. ते ऐकून ती ढसाढसा रडली. मग बाईंनी बाटली हुंगली. "कडक जुलाबाचं औषध आहे हे. प्यायली असतीस तर अवेळी कळा सुरू होऊन आजच घात झाला असता."

दुसऱ्या दिवशी सुट्टीत ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "मला काल फार भीती वाटली, अजून थोडी वाटते. पण भीती वाटते म्हणून कुणी दिलेलं पिऊ नका. आधी विचारा, पारखून बघा. बाळाला मायक्रोवेव्हनं काही केलं नव्हतं. मीच करणार होते."