योकोहामाचा पाळणा

२००५ च्या त्या मार्चमध्ये महंमद पाळणेवाल्याचा पाय काही घरात ठरेना. भोरच्या दोन खोल्यांत तो येरझारा घाली, भिंतीवरचं चित्र सरळ करी आणि पुन्हा वाकडंच दिसतंय म्हणून उतरवी. चित्र होतं जपानमधल्या योकोहामाच्या आकाशपाळण्याचं, मधोमध भलंमोठं घड्याळ असलेल्या. कंपनीकडून वर्षभरासाठी तिकडं गेलेल्या हाशिमनं, त्याच्या मुलानं, ते पाठवलं होतं. "एप्रिलअखेर मी परत निघणार. त्याच्या आत दोघं या," असं म्हणून पोरानं तिकिटंही काढून टाकली होती.

बेत रोज नव्यानं शिजे. बायको बद्रुन्निसा म्हणे, पहिल्या दिवशी डिस्नेलँड. महंमद म्हणे, पाळणा.

"त्या उंदराला भेटून मी काय करू? पाळणा सुटताना गचका देतो का न्हाई, ते बघायचंय मला."

उभा जन्म त्यानं भोर-वेल्ह्याच्या जत्रांत हातानं पाळणा फिरवला होता. खाली बद्रुन्निसा तिकिटं फाडी, रडक्या पोरांना कडेवर घेई. ती स्वतः मात्र त्यात कधी बसली नव्हती. जत्रेत तिला उसंत कुठली!

होळीच्या आधी वेल्ह्याकडच्या एका गावाहून हनुमंताचा फोन आला. तो तिथल्या जत्रेचा पंच.

"महंमदभाई, चैत्री पुनवेला या. मानसिंग मोटरवरचा पाळणा घेऊन टपलाय. तुमी न्हाई आला तर जागा त्याची, मग माझं काय चालायचं न्हाई."

"पुनव कवा हाय?"

"चोवीस एप्रिल."

महंमदानं भिंतीवरच्या चित्राकडं पाहिलं. तेव्हा तो जपानात असणार होता.

चूक त्याचीच. दोन वर्षं जत्रा दहा-अकरा दिवस मागं सरकली होती, अगदी ईदेसारखी. यंदाही सरकेल आणि मार्चअखेर उरकेल, असं त्यानं छातीठोकपणे पोराला सांगितलं होतं. मागच्या पावसाळ्यात अधिक श्रावण येऊन गेला, हे गडी साफ विसरला. ईदेच्या हिशेबात असला जादा महिना यायचा कुठून?

त्या जागेवर पहिला खुंटा त्याच्या बापानं ठोकला होता. ती सोडायची म्हणजे बापाला हात धरून उठवायचं. महंमद एस.टी.नं वेल्ह्याकडं गेला, मोकळ्या माळावर नुसता उभा राहिला आणि तसाच परत आला.

"जपान रद्द. हाशिमला कळव."

बद्रुन्निसा सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मला ठावं व्हतं."

"काय?"

"जत्रा लांबणार ते. शेजारच्या ठकुबाईनं अधिक महिन्यात जावयाला वाण दिलं, तवा आपल्याकडं अनारसे धाडले. तुमीबी खाल्ले की!"

"अगं, मग तिकिटं काढताना बोलली का न्हाईस?" महंमद कडाडला.

"बोलले असते तर तुमी आला असता?"

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तालुक्याच्या समद्या बाया वर जाऊन आल्या. म्या खालनं बघितलं. मला एकदा बसायचंय. तुमी शेजारी, आन फिरवणारा दुसरा कुणीतरी."

महंमदाला आधी राग आला, मग लाज वाटली. जत्रेत त्यानं पाटलिणीला बसवलं, फौजदाराच्या मेहुणीला बसवलं, आणि हिला कधी बस म्हणालासुद्धा नव्हता. त्यानं फोन उचलला.

"हनुमंता, जागा मानसिंगला दे." मग घाईनं पुढं म्हणाला, "त्याला सांग, वढ्याकडची माती भुसभुशीत हाय. तिकडचा खुंटा खोल ठोक म्हणावं. माणसं बसत्यात."

फोन ठेवून तो वळला तर बद्रुन्निसा पदरानं डोळे पुसत होती. जे मागितलं ते मिळालं होतं, पण तिला रडू आवरत नव्हतं.

"पहिल्या दिवशी तुझं डिस्नेलँड," तो म्हणाला.

"न्हाई," ती म्हणाली. "आधी पाळणा."