कानटोपी आणि चष्मा

घड्याळजींची वेळ आयुष्यात कधी चुकली नाही, पण वस्तू एकही जागेवर सापडायची नाही. चष्मा फ्रिजवर, फोन अंथरुणात, रक्तदाबाच्या गोळ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या गल्ल्यात. म्हणून काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं: प्रवासात यांच्या खिशात फक्त रुमाल, बाकी सगळं माझ्या पर्समध्ये. देवाने जोडी जमवताना बघूनच जमवली असावी. एकाने हरवायचं, दुसऱ्याने सांभाळायचं, आणि दोघांनी कुरकुरत सुखात राहायचं.

आता दोघं निघाली होती परदेशी, लेकीच्या बाळंतपणाला. जावई बोटीवर नोकरीला आणि बोट भर समुद्रात अडकलेली, कुठलंच बंदर तिला आत घेईना. लेक घरात एकटी. त्या नव्या आजाराच्या बातम्या रोज येत होत्या, पण निघताना त्या दुसऱ्याच्या घरच्या वाटत होत्या.

विमानात गारठा होता. घड्याळजी दोनदा शिंकले. झालं! काकूंनी त्यांच्या कपाळाला बाम चोळला, वर लोकरीची कानटोपी चढवली आणि भुवयांपर्यंत खाली ओढली.

"अगं, मी काय बर्फात चाललोय?"

"गप्प बसा. लेकीच्या दारात पोचेपर्यंत ही टोपी डोक्यावरनं उतरली तर माझ्याशी गाठ आहे."

"लोक हसतील."

"हसू देत. विमानात दुसरी करमणूक काय आहे?"

टोपीखाली चष्म्याच्या काड्या टोचायला लागल्या, तसा चष्माही पर्समध्ये गेला. घड्याळजी आंधळ्यासारखे पण उबेत झोपले.

विमान बदलायचं होतं त्या विमानतळावर उतरल्या उतरल्या काकूंना काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. एवढी माणसं, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. सगळ्यांची नाकं-तोंडं झाकलेली. या दोघांच्याही हातात कुणीतरी पट्ट्या दिल्या. पुढे रांग, आणि रांगेच्या टोकाला पांढऱ्या अंगरख्यातला एक माणूस प्रत्येकाच्या कपाळावर पिस्तुलासारखं यंत्र रोखत होता.

काकूंच्या कपाळावर यंत्र गप्प बसलं. घड्याळजींची टोपी त्याने बोटाने वर सरकवली, यंत्र रोखलं, आणि ते किंचाळलं.

"अहो, टोपीमुळे!" काकू चक्क हसल्या. "बाम आहे हो कपाळाला! हा बघा, वास घ्या!"

वास कोण घेणार? दोन माणसं आली, त्यांनी घड्याळजींना हात न लावता मध्ये घेतलं आणि बाजूच्या दारातून नेलं. घड्याळजींना बहुधा वाटलं, म्हाताऱ्यांची रांग वेगळी असेल. वळून म्हणाले, "ये गं मागून."

दार लागलं. काकू मागून जाऊ शकल्या नाहीत.

विमान कंपनीची एक बाई धावत आली. देवाची कृपा, तिला आपली भाषा येत होती.

"काकू, घाबरू नका. थोड्या वेळाने परत तपासतील. ताप नसला तर सोडतील."

"आणि असला तर?"

"तर दवाखान्यात. वेगळं ठेवतात." बाईने आवाज उतरवला. "तुमचं पुढचं विमान मात्र थांबणार नाही. आज शेवटचंच आहे, उद्यापासून तो देश दारं लावतोय."

बाईने त्यांना एका मोठ्या काचेपाशी नेलं. पलीकडच्या खोलीत खुर्च्या लांब लांब मांडलेल्या आणि एका खुर्चीवर घड्याळजी. शहाण्या मुलासारखे, हात मांडीवर. आणि कानटोपी डोक्यावर. भुवयांपर्यंत.

काकूंनी काच ठोठावली. "अहो! टोपी काढा ती! आधी टोपी काढा!"

काच जाड होती. दोन-चार माणसं वळली, घड्याळजी नाही.

"बाई, तुम्ही आत फोन करा. त्यांना म्हणावं, टोपी काढून ठेवा."

बाईने फोन केला, ऐकलं, आणि कसनुसा चेहरा केला. "आतल्यांनी सांगून बघितलं खुणेने. ते टोपी घट्ट धरून बसलेत. काहीतरी बोलतात, पण आत कुणाला ते समजत नाही."

काय बोलत असतील ते काकूंना पाठ होतं. हिने सांगितलंय, काढायची नाही म्हणून. जन्मभर जे सांगितलं ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं, आणि आज नेमकं ऐकत होते.

"मग चष्मा तरी द्या आत. त्यांना पलीकडचं माणूस दिसत नाही. आणि या गोळ्या."

"आत काहीच देता येत नाही, काकू. गोळ्या डॉक्टर देतील."

"चष्मा देतील का डॉक्टर?"



घड्याळजी काचेकडे बघून मान डोलवत होते, पण काकूंकडे नाही. शेजारी जमीन पुसणारी एक बाई उभी होती, तिच्याकडे बघून. सगळ्यांच्या तोंडाला पट्ट्या, अंगावर गडद कपडे, त्यांनी तरी ओळखावं कसं?

मग काकूंना सुचलं. घड्याळजी कीर्तनात बुवांच्या मागे टाळ धरून उभे राहणारे. गजराला सगळं देऊळ हात वर करून टाळ्या वाजवतं, त्यात काकूंची टाळी जराशी उशिरा पडायची. चाळीस वर्षं ते त्यावरून चिडवत आले होते. काकूंनी पर्स खाली ठेवली, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि भर विमानतळात टाळ्या वाजवायला लागल्या. उशिराच्या.

घड्याळजींची मान थांबली. वळली. ते उभे राहिले आणि त्यांनीही हात वर केले. दोन टाळ्या, तीन टाळ्या, मधे काच.

"देवा, बघितलं त्यांनी!" काकूंनी घाईघाईने स्वतःच्या डोक्यावरून काहीतरी उपसल्याची खूण केली. काढा. काढून टाका.

घड्याळजींनी धूसर डोळ्यांनी ते हात पाहिले. मान डोलावली, जणू समजलं. दोन्ही हातांनी टोपी धरली आणि कानाखाली अजून घट्ट ओढून घेतली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. यंत्र कपाळाला लागलं. आवाज इकडे आला नाही, पण पांढऱ्या अंगरख्याचा माणूस एक पाऊल मागे सरकला, ते दिसलं.

"टोपीमुळेच हो," काकू म्हणाल्या. यावेळी त्या हसल्या नाहीत. आणि मनात पहिल्यांदाच आलं, ते दोनदा शिंकले होते.

कंपनीची बाई म्हणाली, "तुम्ही थांबलात तरी भेटू देणार नाहीत. इथे बसून राहाल नुसत्या. आणि तिकडे मुलगी..."

काकूंनी काचेला हात लावला. पलीकडे घड्याळजी माणसांच्या मध्ये चालायला लागले होते. दारात थांबले, आणि अंदाजाने काचेकडे तोंड करून उलट्या हाताने हवा झटकली. दुकानात भिंगातून मान वर न काढता ते असंच करायचे. तू जा पुढे, मी येतो. या खुणेचा काकूंना जन्मभर राग होता.

विमानात निम्म्या खुर्च्या मोकळ्या होत्या. शेजारचीही. दार लागायच्या आधी लेकीचा फोन आला.

"आई, बसलात ना दोघं? बाबांकडे दे."

काकूंनी पर्स उघडली. चष्मा होता, गोळ्या होत्या, त्यांचा फोन होता. एकही वस्तू हरवली नव्हती.

"येतायत गं मागून," त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसत राहिल्या.