पाच वॅटचा स्वच्छ आवाज

मेहुणीने निर्वाणीचा इशारा दिला तेव्हा मी गिटारच्या तारा पुसत होतो, आणि पुसतच राहिलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

"भावोजी, तोंडावर सांगते. येत्या रविवारी तुमची गिटार हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत नीट ऐकू आली नाही, तर मी अकॉर्डियनवाल्याला घेणार. त्याला वीजसुद्धा लागत नाही."

आमचा बँड तिघांचा. मेहुणी गाते, दातांचे एक निवृत्त डॉक्टर ड्रम वाजवतात आणि मी गिटार. दर रविवारी दुपारी टपाल कर्मचाऱ्यांच्या हॉलमध्ये उतारवयातली जोडपी नाचायला येतात, त्यांच्यासाठी आम्ही वाजवतो. डॉक्टरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात हळुवार हात घातला. तो सगळा साठलेला दांडगेपणा आता ड्रमवर निघतो.

त्यांच्यासमोर माझा अँप्लिफायर, म्हणजे अँप, हा बुटांच्या खोक्याहून जरासा मोठा एक डबा. आत काचेचे व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर, ताकद पाच वॅट. बटण चारपर्यंत ठेवलं तर आवाज गोड आणि स्वच्छ, पण तो फक्त माझ्या पोटऱ्यांना ऐकू येतो. चारच्या पुढे आवाज वाढत नाही, फाटतो. मेहुणी चांदण्यांबद्दल गात असते आणि मागून माझी गिटार घसा बसलेल्या फेरीवाल्यासारखी खरखरत असते.

"मोठा अँप घे की, कानामात्रा," डॉक्टर म्हणाले. मी अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो, म्हणून ते मला कानामात्रा म्हणतात.

"त्यांना हर्निया आहे!" आतल्या खोलीतून बायको ओरडली. माझ्या आजारांची प्रवक्ती तीच आहे.

हर्निया खराच, पण खरं कारण वेगळं होतं. आमच्या घरात माझ्याहून हळू बोलणारा तो एवढा डबाच होता. त्याला काढून टाकणं मला जमलं नसतं.

अडचण आली की पुस्तक उघडायचं, ही माझी जुनी खोड. व्हॉल्व्हच्या अँपवर दोन जाडजूड पुस्तकं वाचली. निम्मं कळलं. जे निम्मं कळलं ते नेमकं चुकीचं होतं, हे मागाहून समजलं. अँपमधला पहिला व्हॉल्व्ह काढून त्या जागी आवाज सगळ्यात जास्त वाढवणारा, तिखट म्हणतात तसला, मागवून बसवला. शिवाय गिटार आणि अँपच्या मध्ये आवाज फुगवणारं एक पेडल जोडलं. माझा हिशेब साधा होता: आत जास्त घातलं की बाहेर जास्त येणार.

आता तो दोनवरच फाटू लागला.

"अहो, मिक्सरमध्ये चमचा राहिलाय का?" बायकोने विचारलं.

"गिटार आहे ती."

"तेच म्हणतेय मी. काढा तो चमचा."

बुधवारी मी डबा पिशवीत घालून कानवालीकडे गेलो. बाई पन्नाशीच्या. कानाची यंत्रं विकतात, दुरुस्त करतात, आणि वेळ उरला तर जुने रेडिओ जिवंत करतात. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत गेल्यावर वळू शकत नाही, उलट्या पावलांनी बाहेर येतं.

"काका, इथे लोक ऐकायला येतात," त्या म्हणाल्या. "ऐकवायला आलेले तुम्ही पहिलेच. वाजवा."

मी वाजवलं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नादुरुस्त आहे.

"हे पेडल कशाला?"

"आवाज वाढावा म्हणून."

"आणि हा व्हॉल्व्ह?"

"त्याच्यासाठीच."

"अहो, पाच माणसांच्या लिफ्टमध्ये अख्खं वऱ्हाड कोंबलंत. वर गाडी जाईल का? जाणार नाही. नुसतं कण्हेल. तेच ऐकताय तुम्ही." त्यांनी पेडल काढून माझ्या हातात दिलं, मेलेला उंदीर देतात तसं. मग माझा तिखट व्हॉल्व्ह उपटला आणि खणातून एक जुना, मवाळ व्हॉल्व्ह काढून बसवला. "हा कमी तोंडाळ आहे. आता तुमचं बटण सहा-सातपर्यंत स्वच्छ चालेल."

"पण मग आवाज कमी नाही का होणार?"

"बटणावरचा आकडा म्हणजे आवाज नव्हे, काका. आता तो बेस कमी करा. आणखी. आणखी! खालचे सूर जावयासारखे असतात. दिसत नाहीत कुठे, पण सगळं तेच खाऊन बसतात."

मी भीत भीत विचारलं, "दहा वॅटचा करता येईल का हा?"

"करता येईल. आणि तुम्हाला फरक कळेल तो इतका." त्यांनी दोन बोटांमध्ये भिंगाच्या जाडीएवढं अंतर दाखवलं. "वॅट दुप्पट केले म्हणून कानाला दुप्पट वाटत नाही. तुमचा स्पीकर आळशी आहे. त्याला पाच वॅट दिले तर चार तो झोपेतच घालवतो."

दुकानाच्या टोकाला, रेडिओंच्या ढिगाखाली, बंद पडलेल्या एका चित्रपटगृहातला बारा इंची स्पीकर होता. त्याच्या मागचं चुंबक पातेल्याएवढं. बाईंनी मीटर लावून त्याचे ओहम माझ्या अँपशी जुळतात का ते पाहिलं, दोन तारा जोडल्या आणि म्हणाल्या, "वाजवा."

मी एकच सूर वाजवला. फळीवरची यंत्रं थरथरली. समोरच्या शिंप्याने मशिन थांबवून मान बाहेर काढली. आणि आवाज स्वच्छ! घासून पुसून ठेवलेल्या काचेसारखा. पाच वॅट तेच, डबा तोच.

"त्या काळी एवढ्या मोठ्या हॉलला थोडक्या वॅटांत ऐकवायचं असायचं," बाई म्हणाल्या. "म्हणून हे असले कामसू स्पीकर. आता याला खोकं करा चांगलं मोठं, आणि ते खुर्चीवर ठेवा. जमिनीवर ठेवून गुडघ्यांना काय ऐकवता?"

घरी योग्य मापाचं एकच कपाट होतं: जाड लाकडाचं, खाली चाकं असलेलं. त्यात बारा खंडांचा ज्ञानकोश होता. ते बाराही खंड मीच तपासले होते, आणि छापून आल्यावर चुका दिसतील या धास्तीने एकदाही उघडले नव्हते. बायकोने खंड पलंगाखाली ढकलले ते इतक्या आनंदाने, की तिने तीस वर्षं या दिवसाची वाट पाहिली असावी. समोरच्या फळीला सुताराकडून गोल भोक पाडून घेतलं, मागची फळी निम्मी काढली. चाकं होती, त्यामुळे न्यायला हर्नियाची हरकत नव्हती. हॉलमध्ये ते खुर्च्यांवर चढवायचं काम डॉक्टरांनी केलं आणि करताना माझ्या पूर्वजांचा उद्धार केला.

रविवारी अकॉर्डियनवाला पहिल्या रांगेत बसला होता. मांडीवर पेटी, पेटीवर हात, चेहरा समाधानी. मेहुणीने त्याला बोलावलंच होतं.

पहिली दोन गाणी झाली. शेवटच्या खुर्चीवरच्या आजींनी हात वर करून 'येतंय ऐकू' अशी खूण केली. डॉक्टरांना गिटार ऐकू येऊ लागली, तसे ते हळू वाजवू लागले. "इतके दिवस तू कुठे आहेस हेच कळत नव्हतं रे," ते मागून म्हणाले, "म्हणून मी आपला एकटाच मोर्चा काढायचो." मेहुणी चक्क हसली. मला वाटलं, जिंकलो.

तिसरं गाणं संथ वॉल्ट्झ होतं, आमचं सगळ्यात लाडकं. तिसऱ्या ओळीवर मी कॉर्ड धरला आणि अख्खा हॉल अडखळला. एका बाईंनी नवऱ्याच्या पायांकडे रागाने पाहिलं. मेहुणीचा सूर हवेत लोंबकळला. तिने माइकवर हात ठेवला.

"भावोजी, हे काय वाजवलंत?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं? आठ वर्षं तुम्ही हे वाजवताय?"

आठ वर्षं. खरखरीत कॉर्ड चुकीचा होता की बरोबर, हे कुणालाच कळलं नव्हतं, मलाही नाही. पुस्तकातून शिकलो होतो. गाणं कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं.

मेहुणीने पहिल्या रांगेकडे पाहिलं. अकॉर्डियनवाल्याने पट्टा खांद्यावर चढवला. माझा हात बटणाकडे गेला. सातवरून दहावर नेलं असतं, बेस वाढवला असता, तर हा मोठा स्पीकरही फाटला असता. त्या खरखरीत मी पुन्हा आरामात लपलो असतो, आणि चुकीचा सूर कुठला ते देवालाही सापडलं नसतं. बोटं बटणावर होती.

बटण तसंच ठेवलं. माइककडे वाकलो आणि, आयुष्यात पहिल्यांदा माइकमधून, म्हणालो, "तिसऱ्या ओळीचा कॉर्ड कुणाला येतो का?"

मेहुणीने डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी छताकडे.

"मेजर आहे तो, काका!" पहिल्या रांगेतून अकॉर्डियनवाला ओरडला. त्याला राहवलंच नाही. "तुम्ही मायनर धरलात! मधलं बोट एक घर पुढे घ्या!"

मी घेतलं. वाजवला. काय सांगू, दुसरंच गाणं होतं ते.

"अरे गाढवा," मेहुणी त्याला म्हणाली, "गप्प बसला असतास तर नोकरी लागली होती तुला." लोक हसले. तोही हसला, पण जरा उशिरा. मग ती माझ्याकडे वळली. "पुन्हा पहिल्यापासून. आणि बटणाला हात लावू नका."

कार्यक्रम संपल्यावर कपाट ढकलत बाहेर नेताना मी तिला विचारलं, "म्हणजे मी आहे ना बँडमध्ये?"

"आहात. पण पुढच्या रविवारी दोन तास आधी यायचं, भावोजी. बाकीची गाणीही ऐकून बघायला हवीत."

"किती?"

"सत्तावीस," ती म्हणाली. "आता सगळी ऐकू येणार ना."