शांपिनेलची बेकरीवाली

माझी बायको ओदिल जानेवारीत गेली. जूनमध्ये मी आमची दोघांनी चालवायची जोडसायकल बाहेर काढली, चाकांत हवा भरली आणि शांपिनेलला निघालो. आमच्या क्लामसीपासून कालव्याकाठच्या वाटेनं ते साठ किलोमीटर आहे. मोटारीनं तासाभरात पोचलो असतो, पण मोटारीनं गेलेलं ओदिलनं धरलं नसतं.

आमच्या सायकल मंडळाचं एक कार्ड असतं. कालव्याकाठची चोवीस गावं, त्यांचे चोवीस चौकोन. गावात सायकलनं जायचं आणि तिथल्या कुठल्याही दुकानदाराकडून शिक्का मारून घ्यायचा. घाई नाही, मुदत नाही. सगळे चौकोन भरले की मंडळ एक छोटा बिल्ला देतं. जोडसायकलवाल्यांना दोघांत मिळून एक कार्ड, ते ओदिलकडे असायचं. आम्हाला तेवीस गावांना नऊ वर्षं लागली, कारण तिला प्रत्येक पुलावर थांबून खायचं असायचं. पण नियमाला ती पक्की. एकदा गाव चार किलोमीटरवर असताना साखळी तुटली. एका शेतकऱ्यानं सायकल ट्रॉलीत टाकून आम्हाला गावात सोडलं. ओदिल ट्रॉलीत बसली, रात्री पोटभर जेवली आणि सकाळी साखळी दुरुस्त झाल्यावर मला त्याच झाडापर्यंत मागं घेऊन गेली. तिथून ते चार किलोमीटर पुन्हा केले, मग शिक्का घेतला.

शांपिनेल चोविसावं. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिथं पोचलो तो सोमवार होता. त्या गावात दुकान एकच, पावाचं, आणि पाववाले सोमवारी बंद असतात हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं. रविवारी निघायचा हट्ट माझा होता. अशा वेळी काय करायचं तेही मंडळानं ठरवलेलं आहे. एक चिठ्ठी लिहायची, आपला पत्ता घातलेल्या, तिकीट लावलेल्या पाकिटात ठेवायची आणि पाकीट दुकानाच्या दारातून आत सरकवायचं. दुकानदार चिठ्ठीवर शिक्का मारून पोस्टानं परत पाठवतो. ओदिल असं पाकीट बरोबर ठेवायचीच. तिनं पायरीवर बसून चिठ्ठी लिहिली, माझ्या हातात दिली आणि बाटल्या भरायला कारंज्याकडं गेली.

मी एका हातानं सायकल धरली होती. पाकीट पावसाळी कोटाच्या खिशात ठेवलं, म्हटलं सायकल भिंतीला टेकवतो आणि मग टाकतो. सायकल टेकवली. मग सॉसेज कापायला घेतलं.

पाकीट सापडलं ऑक्टोबरमध्ये, पहिल्या पावसात कोट घातला तेव्हा. तोवर चार महिने ओदिल रोज टपालपेटी बघत होती आणि शांपिनेलच्या बेकरीवालीला नावं ठेवत होती. आमच्या घरात तो शब्दच झाला होता. दूध उतू गेलं, शांपिनेलची बेकरीवाली. प्लंबर आला नाही, शांपिनेलची बेकरीवाली. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पाकीट शेडमध्ये कौलांच्या खिळ्यांच्या डब्यात लपवलं. मी चाळीस वर्षं छपरं शाकारली, उंचीची भीती कधी वाटली नाही, पण हे सांगायची वाटली. वसंतात पुन्हा जाऊ, तिथं गेल्यावर सांगू असं ठरवलं. वसंतात ती आजारी पडली.

म्हणून पाकीट घेऊन निघालो. कालव्याकाठच्या वाटेला मोटारींना बंदी आहे. पूर्वी घोडे बोटी ओढत चालायचे तीच ही वाट. एका बाजूला पाणी, एका बाजूला गायी. जोडसायकल एकट्यानं चालवली की मागची पेडलं आपोआप फिरत राहतात. मी मागं बघत नव्हतो, पण आवाज येत होता. बोटी वरखाली करायला कालव्यात पाण्याची दारं असतात. प्रत्येक दारापाशी राखणदार असतो, आणि प्रत्येक जण एकच विनोद करत होता.

"अहो मस्यू, तुमची मागची सवारी पडली वाटतं!"

"पडू दे, बडबड फार करायची," मी म्हणायचो. ओदिलनंही असंच काहीतरी म्हटलं असतं.

जोडसायकलवर मागच्याला पुढचं काही दिसत नाही, म्हणून पुढच्यानं ओरडायचं असतं. खड्डा आला की मी ओरडायचो, "खड्डा!" आणि ओदिल म्हणायची, "बघितला!" तिला माझ्या पाठीपलीकडचं काहीही दिसत नसे. या वेळीही मी ओरडत होतो. दोन दिवस ओरडलो.

शांपिनेलला पोचलो तर दुकानाला फळ्या लावलेल्या. फळीवरची पाटी वाचली तेव्हा कळलं. सोमवार. मी पुन्हा रविवारी निघालो होतो. वार बघायचं काम ओदिलचं होतं.

कारंज्यापाशी एक म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "बेकरीवाली सोलांज मळ्यात असेल, कालव्याच्या खालच्या दाराजवळ. पण सोमवारी पाव मागू नका. फावडं फेकते."

मळा दोन किलोमीटरवर कालव्याला लागूनच होता. रबरी बूट घातलेली सत्तरीची एक बाई घेवड्याच्या वेलांना काठ्या लावत होती.

"पाव नाही," वर न बघताच ती म्हणाली.

"पाव नकोय, मादाम. शिक्का हवाय."

"शिक्का उद्या. सात वाजता."

"तुमची माफीही मागायची आहे."

आता तिनं वर बघितलं. "मी तुम्हाला ओळखते?"

"नाही. पण आमच्या घरी तीन वर्षं तुम्हाला शिव्या बसतायत."

तिनं हातातली काठी जमिनीत रोवली. "बसा. हे ऐकायलाच हवं."

मी पाकिटाची सगळी गोष्ट सांगितली. पाकीट काढून दिलं. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली. ओदिलनं लिहिलं होतं, आम्ही दोघं आज सोमवारी सकाळी अकरा वाजता सायकलनं आलो, दुकान बंद होतं, शिक्का मारून पाठवावा, तुमच्या पावाबद्दल चांगलं ऐकलं आहे.

"आणि काय काय म्हणायची मला?"

"दूध उतू गेलं की तुमचं नाव निघायचं."

"आणि तुम्ही गप्प? एकदाही वाटलं नाही, त्या बिचाऱ्या बाईची बाजू घ्यावी?"

"एकदा घेतली. म्हटलं, काही अडचण असेल तिची. तर ओदिल म्हणाली, तुला एवढा पुळका का? बघितलीयस का तिला?"

सोलांज इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला. "आणि आज तुम्हाला एकट्याला पाठवलं? स्वतः यायचं होतं की भांडायला."

"ती जानेवारीत गेली."

तिनं चष्मा पुन्हा घातला.

"शेवटी तरी सांगितलंत तिला?"

"नाही. दवाखान्यात दोनदा तोंड उघडलं. एकदा नर्स आली. दुसऱ्यांदा तिनंच विचारलं, काय रे? मी म्हटलं, काही नाही, पाणी देऊ?"

सोलांज उठली. हात ॲप्रनला पुसले. "शिक्का दुकानात आहे. चला."

"आज? सोमवारी?"

"मी पाव कुठं विकतेय? पण माझी सायकल नवऱ्यानं नेलीय, मासे धरायला. तुमच्या या घोडीवर मागं बसता येतं ना?"

येत होतं. पण सीट ओदिलच्या मापाची होती. सोलांज कशीबशी चढली. तिचे पाय जेमतेम पेडलांपर्यंत पोचत होते.

"तुमची बायको उंच होती."

"माझ्याहून दोन बोटं. खाली करू का सीट?" मी विचारलं. पाना माझ्या हातात होता.

तिनं पान्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "राहू द्या. दोन किलोमीटर तर आहे."

निघालो. मागं वजन आलं की जोडसायकल वेगळी चालते, जड पण सरळ. मी विसरलो होतो. वळणावर झाडाच्या मुळापाशी वाट खचलेली होती.

"खड्डा!" मी ओरडलो.

"मग चुकवा ना!" मागून आवाज आला.

मी हसलो, आणि चुकवायचा राहिलाच. तिनं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

दुकानात बाजूच्या दारानं गेलो. आत भट्टी थंड होती, पिठाचा वास होता. तिनं गल्ल्याखालून शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली आणि ओदिलच्या अक्षराशेजारी मारला. मग पेन घेतलं.

"तारीख कुठली? त्या दिवशीची की आजची?"

"त्या दिवशी आम्ही आलो होतो. पण शिक्का आजचा आहे. ओदिलला खोटी तारीख चालायची नाही."

"मग खरं काय ते लिहिते," ती म्हणाली. तिनं वेळ घेऊन लिहिलं, चिठ्ठीची घडी केली, पाकीट चिकटवलं. मी हात पुढं केला.

"छे! तुमच्या हातात पुन्हा पाकीट? मी टाकते पोस्टात. मंगळवारी पेटी उघडतात."

जाताना तिनं मला रविवारचा उरलेला अर्धा पाव दिला. म्हणाली, हा विकलेला नाही, हे तुमच्या मंडळाला सांगा.

शुक्रवारी सकाळी मी घरी दूध तापत ठेवलं होतं तेव्हा पोस्टवाली आली. पाकीट हातात धरून ती जरा थांबली. बारा वर्षं ती आमच्या गल्लीत टपाल टाकते. "मस्यू आर्सेन," ती म्हणाली, "हे मादाम ओदिलच्या अक्षरातलं आहे."

"हो. उशीर झाला त्याला."

मी ते टेबलावर ओदिलच्या जागी ठेवलं. तिचं टपाल मी कधी उघडत नसे. खुर्ची ओढून समोर बसलो आणि मग उघडलं, मोठ्यानं वाचलं. शिक्क्याखाली लिहिलं होतं, "दोघं आले होते. सोमवार होता, दुकान बंद होतं. चिठ्ठी आज मिळाली. चूक बेकरीची नाही. सोलांज."

"माझी आहे," मी म्हणालो. "पाकीट मी टाकलंच नव्हतं, ओदिल. कोटात राहिलं होतं."

तेवढ्यात दूध उतू गेलं. सवयीनं शब्द तोंडाशी आला होता, पण मी तो म्हणालो नाही. गॅस बंद केला आणि फडकं घेतलं.