पाच फेऱ्या, एक रविवार

मित्रांनो, माझ्या उजव्या दारावर एका वृद्धाश्रमाचे नाव अजून पुसटसे वाचता येते. त्यावर दोनदा रंग चढला, तरी उन्हात पाहिले की अक्षरे खालून वर येतात. मी शिकागोतली एक जुनी व्हॅन आहे. बारा माणसांना पोटात घेऊन रस्ता कापायचा, एवढेच मला येते. पण हेच काम करता करता एका रविवारी माझ्या हातून असे काही झाले, की आजही त्याच्या आठवणीने माझे गंजलेले पत्रे तापतात.

माझा जन्म एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा, मिशिगनमधल्या कारखान्यातला. पहिली नऊ वर्षे मी वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना डॉक्टरकडे आणि चर्चला नेले. मग आश्रमाने नवी गाडी घेतली आणि मी ईश्वर मेश्रामांकडे आले. ते मूळचे नागपूरचे, एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे काम करत. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी शीला राहत.

मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा शीलाताई म्हणाल्या, "अहो, आपण दोन माणसं. बारा सीट्स कशाला?"

"चौदा एप्रिलला सगळे कुठं बसतील? सबर्बमध्ये राहतात, कोणाकडे कार नाही. मी ड्राइव्ह करतो ना!"

आणि खरेच, बुद्धपौर्णिमेला, चौदा एप्रिलला, कोणाच्या लग्नाला मी भरून जात असे. मुले मागच्या सीटवर इंग्रजीत भांडत, बायका पुढे मराठीत हसत. पोहोचल्यावर सगळे "जयभीम" म्हणत उतरत आणि कोणीतरी माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणे, "मस्त गाडी आहे यार!" ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे लोकांनी आपापल्या गाड्या घेतल्या. ईश्वररावांनीही एक छोटी कार घेतली. मी गल्लीच्या टोकाला उभी राहू लागले. बॅटरी उतरली, चाकांतली हवा गेली, दोन हिवाळे बर्फ अंगावर साचून तिथेच वितळले. माणसे माझ्याकडे न पाहता जात. फक्त खालच्या मजल्यावरच्या ब्रोन्या मावशी रोज सकाळी जाता जाता माझ्या काचेवरचा बर्फ हाताने पुसत. का, ते मला कधी कळले नाही. बहुधा कोणाची तरी काच पुसायची सवय असेल.

ब्रोन्या मावशी पोलंडच्या. वय साठीच्या पुढे, काम ऑफिसे झाडण्याचे. एक्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात त्या बहिणीला भेटायला अमेरिकेत आल्या. पुढच्याच महिन्यात त्यांच्या देशात लष्करी कायदा लागला आणि त्या इथेच अडकल्या. बहीण वारली. मुलगी एव्हा तिकडे, शाळेत शिक्षिका. शीलाताईंनी त्यांना पहिल्या दिवसापासून "मावशी" म्हटले. अर्थ कळल्यावर त्या खूश झाल्या आणि स्वतःची ओळखही तशीच करून देऊ लागल्या, "आय ॲम मावशी."

एकोणनव्वदच्या वसंतात बातमी आली, की पोलंडमध्ये निवडणूक होणार. सरकारी पक्षाच्या विरोधात कामगारांच्या संघटनेचे उमेदवार उभे राहणार, आणि असे चाळीस वर्षांत घडले नव्हते. परदेशातल्या नागरिकांनाही मत देता येणार होते. शिकागोत त्यासाठी शहराच्या मोठ्या तळ्याकाठच्या पोलिश वकिलातीत जायचे होते, चार जूनला, रविवारी.

ईश्वरराव बातमी घेऊन जिन्यातच मावशींना गाठायला गेले. माझ्या शेजारीच जिन्याचे दार आहे, म्हणून मी सगळे ऐकले.

"मावशी, तुमच्याकडे पासपोर्ट आहे. तुम्ही जाणार ना?"

"नाही."

"का?"

"तिथं माझं नाव लिहितील. ते सरकार आजही तेच आहे. उद्या हरले नाहीत तर? एव्हाची नोकरी जाईल. मी इथं आरामात, भोगणार ती."

 ईश्वरराव वर गेले. पण शनिवारी ते हातात नवी बॅटरी घेऊन माझ्यापाशी आले. मागोमाग शीलाताई कापड आणि पाण्याची बादली घेऊन.

"पोलिश चर्चच्या बोर्डवर चिठ्ठी लावली आहे मी," ईश्वरराव म्हणाले. "ज्यांना बसमध्ये उभं राहवत नाही, त्यांना आपण नेऊ. पन्नास जणांनी नावं दिली."

"आणि ही मध्येच बंद पडली तर? सगळं कॅन्सल?"

"नाही पडणार."

मित्रांनो, दोन वर्षांनी कोणीतरी माझ्याबद्दल असे खात्रीने बोलले. त्यांनी चावी फिरवली. मी खोकले, धूर सोडला, थरथरले आणि सुरू झाले.

आता एकच अडचण उरली. येणाऱ्या म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नव्हते आणि ईश्वररावांना पोलिश. दोन्ही भाषा येणाऱ्या मावशींनी तोंड वाकडे केले, पण त्या तयार झाल्या. "मी फक्त बोलायला येते," त्या म्हणाल्या. "मी उतरणार नाही." तरीही रविवारी सकाळी त्या निळा कोट घालून आल्या, आणि कोटाच्या आतल्या खिशात रुमालात गुंडाळलेले काहीतरी होते. बसताना त्यांनी तिथे हात ठेवला, म्हणून मला कळले.

पहिल्या फेरीत अकरा जण बसले. त्यांना एक गोष्ट शिकवायची होती. त्या निवडणुकीत हव्या त्या नावावर खूण करायची नव्हती. नको असलेली नावे खोडायची होती, आणि चुकीचे खोडले तर मत वाया जाणार होते. सराव कशावर करायचा? माझ्या सीटखाली डेव्हनवरच्या किराणा दुकानाची जाहिरातपत्रे पडली होती. मावशींनी ती वाटली.

"पहिलं नाव राहू द्या," त्या पोलिशमध्ये सांगत आणि ईश्वररावांसाठी इंग्रजीतही, "बाकी सगळं खोडा. रेघ पूर्ण गेली पाहिजे."

अकरा म्हाताऱ्यांनी तूरडाळ ठेवली आणि चिंच, गूळ, पापड, मोहरीचे तेल खोडून टाकले. तादेउश नावाचे एक्याऐंशी वर्षांचे आजोबा, निवृत्त बेकरीवाले, काठीवर हात टेकून विचारत होते, की ही चिंच काय असते, आणि ती इतकी वाईट आहे का. सगळे हसले. मीही माझ्या परीने हसले. माझी मागची चाके थोडी जास्त डुलली.

मग ईश्वररावांनी रहदारीची बातमी ऐकायला रेडिओ लावला.

निवेदक बीजिंगबद्दल बोलत होता. चौकात जमलेल्या लोकांवर सैन्य सोडले होते. रणगाडे. किती माणसे मेली, कोणालाच ठाऊक नव्हते.

 ईश्वररावांचा हात बटणाकडे गेला तसा मावशी म्हणाल्या, "राहू दे. ऐकू दे." थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "मिस्टर ईश्वर, गाडी वळवा."

ईश्वररावांनी मला रस्त्याच्या कडेला घेतले. इंजिन चालूच ठेवले. डावीकडे तळे चमकत होते. मावशींनी मागे वळून सगळ्यांना विचारले, परत जायचे का.  मग तादेउश आजोबा काही बोलले. मावशींनी ते इंग्रजीत सांगितले.

"ते म्हणतात," त्या म्हणाल्या, "गाडी वळवणार असाल तर दार उघडा. मी चालत जातो."

ईश्वररावांनी मला पुढे नेले.

वकिलातीसमोर रांग इमारतीला वळसा घालून दुसऱ्या रस्त्यावर गेली होती. पांढरे-लाल झेंडे, काखेत डबे, छत्र्या, खांद्यावर मुले. लोक गाणी म्हणत उभे होते. आमचे अकरा जण उतरले. मावशी खिडकीपाशी बसून राहिल्या.

दुसरी फेरी, तिसरी फेरी. नव्यांना न्यायचे आणि मत देऊन आलेल्यांना परत आणायचे. येताना बसलेली माणसे जाताना बसलेल्यांपेक्षा वेगळी होती, मित्रांनो. पाठी ताठ, आवाज मोठे. एक आजी माझ्या पायरीवर पाय ठेवताच नाचल्या. दरवेळी ईश्वरराव मावशींना विचारत, "येता का?" आणि त्या नकाराची मान हलवत.

चौथ्या फेरीत परतणाऱ्यांसाठी तासभर थांबावे लागले. गाडीत दोघेच होते. मावशी तळ्याकडे पाहत बोलू लागल्या.

"माझा नवरा स्तेफान जहाजांच्या कारखान्यात होता. ग्दिनियाला. सत्तर सालच्या डिसेंबरात सरकारनं मांस, पीठ, सगळं महाग केलं, कामगार चिडले. मग रेडिओवर सांगितलं, कामावर परत या. तो सकाळच्या पाळीला गेला. स्टेशनवर उतरला आणि समोर सैन्य. त्यांनी गोळ्या घातल्या. रेडिओनं बोलावलं म्हणून गेला होता हो तो." त्यांनी खिशावरचा हात काढला नाही. "तेव्हापासून सरकार कुठं बोलावतं म्हटलं की माझे पाय हलत नाहीत."

ईश्वररावांनी स्टिअरिंगवर बोटे फिरवली.

"मी सात वर्षांचा होतो," ते म्हणाले. "आमच्याकडे पहिली निवडणूक झाली. माझे आजोबा गावाबाहेरच्या वस्तीत राहायचे. पाटलानं निरोप पाठवला, तुमच्या वस्तीतलं कोणी मतदानाला दिसलं तर बघा. आजोबांनी धोतर धुतलं, मला खांद्यावर घेतलं आणि गेले. मागून वस्तीतले अकरा जण. आजोबांनी पेटीत कागद टाकला. बाहेर येऊन मला म्हणाले, पोरा, पाटलालाही एकच कागद मिळाला."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "मग पाटलानं काय केलं?"

ईश्वरराव खोटे बोलू शकले असते. बोलले नाहीत. "वस्तीला काम देणं बंद केलं. उन्हाळाभर. फार हाल झाले. आजी आजारी पडली."

"आणि पुढच्या वेळी?"

"पाच वर्षांनी? आजोबा परत गेले. त्या वेळी आजीही बरोबर होती. पाटलानं निरोप पाठवला नाही."

तेवढ्यात आमची माणसे गात गात आली आणि बोलणे तुटले.

पाचव्या फेरीला सहाच जण होते. दुपार कलली होती. दिवसभर धावून माझे पाणी उकळू लागले होते, काटा लाल रेघेला टेकला होता. ईश्वररावांनी तो पाहिला आणि इंजिनाची उष्णता काढून घ्यायला हीटर सुरू केला. जूनमध्ये हीटर! सगळे घामाघूम झाले, पण कोणी तक्रार केली नाही. मी मनात म्हटले, आज फुटायचे नाही. उद्या फुटले तरी चालेल.

वकिलातीसमोर सहा जण उतरले. ईश्वररावांनी विचारायला तोंड उघडले, तोवर मावशींच्या बाजूचे दार उघडले होते. त्या पायरीवर उभ्या होत्या. रुमाल सोडून त्यांनी पासपोर्ट हातात घेतला.

"एव्हाला काल फोन केला होता मी," त्या म्हणाल्या. "तिनं काय सांगितलं, माहितीये? आई, मी मुलांना घेऊन रांगेत उभी राहणार आहे, तू माझी काळजी करत घरी बसू नकोस. मी दिवसभर ते तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उतरावं लागलं असतं."

आणि त्या रांगेकडे निघाल्या. पाय हलत होते.

दीड तासाने त्या आल्या. चेहरा लाल, केस विस्कटलेले. "एक यादी इतकी लांब होती," त्या ईश्वररावांना सांगत होत्या, "सगळे मोठे साहेब. मी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. मग दुसरी. हात जरासुद्धा थरथरला नाही! दारावरच्या माणसानं लिहून घ्यायला नाव विचारलं. मी मोठ्यानं सांगितलं, स्पेलिंगसकट."

ईश्वररावांनी डोळे पुसले आणि घामाचे निमित्त केले.

मित्रांनो, निकाल तुम्हाला मोठी माणसे सांगतील. मी मला कळला तसा सांगते. त्या आठवड्यात एका सकाळी मावशी चपला न घालता धावत गल्लीत आल्या, माझे दार उघडले आणि हॉर्नवर दोन्ही हात दाबून ठेवले. "जिंकलो! लढवलेल्या जवळजवळ सगळ्या जागा! एव्हाचा फोन होता!" वरच्या खिडकीतून शीलाताई ओरडल्या, "मावशी, शेजारी काय म्हणतील?" आणि पुढच्या मिनिटाला त्याही खाली होत्या, त्यांचाही हात हॉर्नवर होता. संध्याकाळी आम्ही पोलिश वस्तीतल्या मिलवॉकी ॲव्हेन्यूवर गेलो. गाड्यांची रांग, झेंडे, बॅकसीटवरून खिडकीबाहेर काढलेली डोकी. तादेउश आजोबा माझ्या पुढच्या सीटवर बसून काठीने छत बडवत होते. ते पोचे अजून आहेत. मी ते कोणाला दुरुस्त करू देत नाही.

सप्टेंबरात पोलंडमध्ये नवे सरकार आले. त्याच महिन्यात मी मावशींना विमानतळावर सोडले. एव्हाची नोकरी शाबूत होती, आणि नातवंडे आजीला पहिल्यांदा पाहणार होती. शीलाताईंनी चिवड्याचे दोन डबे दिले. ईश्वररावांनी वाकून नमस्कार केला तेव्हा मावशींनी त्यांना वर ओढून दोन्ही गालांवर मुके घेतले. मग त्या माझ्याकडे वळल्या, पुढची काच तळहाताने पुसली आणि आत गेल्या. आत जाताना त्यांनी मागे वळून पाहिले नाही. घरी जाणारी माणसे पाहत नाहीत.

आता माझा गिअरबॉक्स गेला आहे. लवकरच मला ओढून नेतील आणि माझे पत्रे दाबून चौकोनी ठोकळा करतील. वाईट वाटते, नाही कसे म्हणू? पण पन्नास माणसे आणि एक मावशी मी पोहोचवली, त्यातले एकही मत रस्त्यात सांडले नाही.

मित्रांनो, तुमच्या गाडीचे पाणी-तेल वेळेवर पाहत जा, दोन वर्षे गल्लीत विसरू नका. आणि मोठे व्हाल तेव्हा मतदानाच्या दिवशी एकटे जाऊ नका. शेजारचे दार वाजवा. विचारा, "येता का?" ते नाही म्हणाले, तर रागावू नका. एक जागा रिकामी ठेवा, आणि पुढच्या फेरीला पुन्हा विचारा.